पनवेल खाडीकांठचीं खारगांवें व त्यांचें भवितव्य

खाडीकांठचें गांव म्हटलें कीं देशावरील वाचकाच्या डोळ्यांपुढें होडी, जाळें आणि वाळत घातलेली मासळी उभी राहते. पनवेल तालुक्याच्या पश्चिमेकडील व उरण तालुक्यांतील गांवांचें हें अर्धेंच चित्र होय. कोळीवाड्यांतील माणूस पाण्यावर जातो हें खरें. परंतु त्याचा शेजारी आगरी शेतकरी पिढ्यानपिढ्या पाणी बाहेर ठेवण्याच्या कामांत गुंतलेला आहे. ज्या जमिनींत तो भात पिकवितो ती उधाणाच्या भरतीच्या पातळीखालीं असते. मध्यें मातीचा एक बांध आहे म्हणून तिला जमीन म्हणावयाचें. बांध नसता तर ती खाडीच असती. विहिरीचें पाणी आटल्याची चिंता करणाऱ्या आमच्या बहुसंख्य वाचकांस ही उलटी चिंता अपरिचित आहे, म्हणून आरंभीं या शेतीची रचना थोडी विस्तारानें सांगतों.

गाढी, काळुंद्री व कासाडी या नद्यांचें पाणी पनवेलच्या खाडीस मिळतें. तिच्या दोन्ही कांठांस तिवराची झाडी, तिच्यामागें चिखलाचें खाजण आणि त्यामागें बांध, असा क्रम पूर्वीं बहुतेक ठिकाणीं दिसे. या बाहेरच्या बांधास येथील लोक बाहेरकाठा म्हणतात. बाहेरकाठ्यांत ठराविक अंतरावर उघाडी असते. उघाडीचें दार बाहेरच्या बाजूस उघडणारें. ओहोटी लागली कीं आंतील पावसाचें पाणी त्याला ढकलून खाडींत जातें. भरती चढूं लागली कीं तीच भरती दार दाबून बंद करते. या योजनेंत माणसाचा हात लागत नाहीं, मात्र डोळा सतत लागतो. दारांत एखादें ओंडकें अडकलें तर एका रात्रींत खारें पाणी शेतांत पसरतें.

बांधाचे शत्रु दिसावयास क्षुल्लक आहेत. चिंबोऱ्या व उंदीर यांचीं बिळें हा पहिला. बिळांतून पाणी पाझरूं लागतें, पाझराची धार होते आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणांत त्याच जागीं खांड पडते. या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या सुमारास येते, आणि पावसाळ्यांत दिवसाच्या मोठ्या भरतीचें पाणी पांच मीटरांच्या जवळपास चढतें. त्याच वेळीं वर मुसळधार पाऊस असेल तर आंतील पाणी बाहेर जाऊं शकत नाहीं व बांध दोन्हीकडून भिजतो. खांड पडल्यावर पहिल्या ओहोटींतच ती बुजविली तर नुकसान थोडें. दोन उधाणें गेलीं कीं ती ओढ्याएवढी होते. मग माती टाकून भागत नाहीं. पूर्वीं अशा वेळीं घरटीं एक माणूस फावडें-घमेलें घेऊन निघे. कोणाची जमीन फुटली हें विचारण्याची चाल नव्हती, कारण बांधाआड एकाची जमीन बुडाली म्हणजे सर्वांचीच बुडाली.

ही व्यवस्था प्रेमानेंच चाले असें मात्र समजूं नये. जुन्या काळीं खाजणास बांध घालून जमीन काढणारास शिलोत्री म्हणत. बाहेरकाठा राखण्याची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल कुळांकडून तो सारा सोडून वेगळें भात घेई. भात घेण्यास तो चुकत नसे. बांधाकडे पाहण्यास चुके. खारेपाटांतील खोत-सावकारांच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यांतील चरी व आसपासच्या गांवांच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवून जो संप केला, तो सर्वश्रुत आहे. पुढें कूळकायदा आला, १९४९ सालीं खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि कसणारा धनी झाला. ही गोष्ट न्यायाचीच झाली. परंतु बांधाचा धनी कोण, हा प्रश्न तिनें सुटला नाहीं. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्यानें व पुढें १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमानें सरकारनें तें काम आपल्या अंगावर घेतलें. सरकारी बांध जुन्या बांधांपेक्षां उंच व रुंद झाले हें मान्य केलें पाहिजे. त्याचबरोबर गांवकऱ्याच्या मनांत ‘आतां हें खात्याचें काम’ अशी समजूत घट्ट बसली. खात्याची मंजुरी, अंदाजपत्रक व निविदा यांस महिने लागतात. उधाण दर पंधरवड्यास येतें.

आतां गांवांच्या आजच्या स्थितीकडे वळूं. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. मिळणारा मोबदला तुटपुंजा होता. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच शेतकरी प्राणांस मुकले. त्या बलिदानांतूनच पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें तत्त्व निघालें. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. त्यासाठीं शेवा कोळीवाडा उठविला गेला. खाडीचीं मुखें भरावानें बदललीं, आणि पारंपरिक मासेमाराची जवळची मासळी दूर गेली. या हानीबद्दल उरण-गव्हाण परिसरांतील १६३० मच्छीमार कुटुंबांस ९५ कोटींहून अधिक रुपये द्यावे असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं दिला. विमानतळासाठीं उलवें, कोंबडभुजें, तरघर, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचें ओवळें, वाघिवली व वाघिवलीवाडा या दहा वस्त्या हलविण्यांत आल्या. तेथील जमीनधारकांस साडेबावीस टक्के विकसित भूखंडांचा पर्याय मिळाला. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचें उद्घाटन झालें व २५ डिसेंबर २०२५ पासून विमानतळावरून प्रवासी विमानें उडूं लागलीं.

वाघिवलीसारख्या वस्तीचें जीवन आतां सांगूनच समजावें लागतें. खाडीच्या पाण्यानें वेढलेलें बेट, त्यावर मोजकीं घरें, पावसाळ्यांत एक भाताचें पीक आणि बाकीचें वर्ष खाडीवर. ज्या जागीं रहू धान्य टाकलें जाई ती जागा आतां विमानतळासाठीं गेली आहे. आम्ही त्याबद्दल अश्रु ढाळीत बसणार नाहीं. त्या वस्त्यांतील मुलांस शाळा, दवाखाना व नोकरी पाहिजे होती, आणि बांध राखण्याचें कष्ट ज्यानें केले आहेत तो तें सुखाचें होतें असें सांगणार नाहीं. आमचा प्रश्न वेगळा आहे. जीं गांवें अजून खारींत उभीं आहेत, उरणच्या पूर्व भागांतील खोपटें, कोप्रोली, गोवठणें, पुनाडें यांसारखीं, आणि पनवेल-पेणच्या सीमेवरचीं, त्यांनीं पुढचीं दहा-वीस वर्षें काय करावें?

या गांवांवर आज जें संकट आहे तें भरतीचें नसून वाट पाहण्याचें आहे. नैना क्षेत्राची अधिसूचना २०१३ सालची. २०२४ सालीं कर्नाळा-साई-चिरनेर पट्ट्यांतील १२४ गांवांसाठीं नव्या नगराची अधिसूचना निघाली. जमिनीचा भाव कानावर पडतो, दलाल ओसरीवर बसतो, आणि शेतकरी मनांत म्हणतो कीं दोन वर्षांनीं जमीन जाणारच आहे, तर यंदा बांधावर माती कां टाकावी? ज्यानें जमीन विकली तो शहरांत. ज्यानें घेतली तो त्याहून मोठ्या शहरांत. खांड पडल्यावर फावडें घेऊन निघावें असा माणूस त्या गटांत उरत नाहीं. मग ज्याला खरोखर शेती करावयाची आहे त्याचेंही शेत शेजाऱ्याच्या मोकळ्या बांधावाटे बुडतें.

बुडालेल्या शेताचें पुढें काय होतें हें पाहण्याजोगें आहे. दोन-तीन वर्षें भरतीचें पाणी आंत-बाहेर करूं लागलें कीं बरोबर तिवराचें बीं येतें व झाडें रुजतात. कांदळवनास कायद्याचें संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ व २०१८ सालीं त्याबद्दल कडक आदेश दिले आहेत. म्हणजे सातबारावर भातशेती, प्रत्यक्षांत तिवर, आणि झाड तोडतां येत नाहीं, अशी शेतकऱ्याची कोंडी होते. एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस अशी जागा दाखविली. त्याच्या लहानपणीं तेथें राता भात होता. ‘विकायला जावं तर गिऱ्हाईक म्हणतो हें जंगल, पिकवायला जावं तर सरकार म्हणतं हें जंगल, न् सारा भरायला मात्र हें शेत,’ असें तो हंसत म्हणाला. त्याच्या हंसण्यांत आम्हांस भाग घेतां आला नाहीं.

तथापि तिवरास शत्रु मानण्याची चूक कोणी करूं नये. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक नांवाचा जिल्हा आहे. तेथील लोकांनीं कोळंबीच्या तळ्यांसाठीं किनाऱ्याचीं खारफुटीचीं झाडें मोठ्या प्रमाणांत काढलीं. जमीनही खचत होती. समुद्र आंत शिरला आणि तिंबुलस्लोकोसारख्या वस्त्यांत घरांच्या जमिनी वारंवार उंच कराव्या लागल्या. पुढें तेथें बांबू व फांद्यांचे पाझरते बांध घालून गाळ अडविण्याचे व झाडी परत आणण्याचे प्रयोग झाले. अर्थ असा कीं बांधाच्या बाहेरचा तिवर हा बांधाचा कैवारी होय, लाटेचा मार तो स्वतः घेतो. बांधाच्या आंतील तिवर ही मात्र बांध फुटल्याची खूण होय. गोमंतकांतील खाजनांतही हाच धडा मिळतो. तेथील उघाडीस मानस म्हणतात, आणि बांधाची निगा पूर्वीं गांवकरीकडे सामुदायिक असे. ती सैल पडली तेथें तेथें शेतें खारावलीं.

जो शेतकरी अजून पिकवूं इच्छितो त्यानें खारीचा स्वभाव ओळखला पाहिजे. उन्हाळ्यांत ओलावा वर चढतो व बरोबर मीठ आणतो. पावसाळ्यांत पाऊस तेंच मीठ खालीं व बाहेर नेतो. म्हणून पहिल्या जोराच्या पावसाचें पाणी शेतांत कोंडून ठेवावें, मीठ विरघळूं द्यावें आणि ओहोटी साधून उघाडीवाटे सोडून द्यावें. असें दोन-तीन वेळां केल्यावांचून लावणीची घाई करूं नये. रोपें गोड्या जमिनींत गादीवाफ्यावर तयार करावीं. कोंवळें रोप मीठ सोसत नाहीं. नेहमींपेक्षां थोडें जून रोप घ्यावें व एका चुडांत तीन-चार रोपें लावावीं. रहू टाकून पेरणें स्वस्त पडतें, परंतु पाऊस मध्येंच उघडला तर मोड जळतात. जात निवडतांना हळवी किंवा निमगरवी निवडावी. गरवें भात निसवतें तोंवर पाऊस सरतो, मीठ पुन्हां वर येतें आणि पळींज हातीं लागतें. पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्रानें काळा राता व भुरा राता या जुन्या जातींतून निवड करून, व नंतर पनवेल १, २ आणि ३ या जाती काढून दिल्या आहेत. मीठ सोसण्यांत राता आजही कमी नाहीं; उत्पन्नांत व तांदळाच्या रंगांत नव्या जाती सरस आहेत. आमच्या मतें खोल खाचरांत राता व उंच खाचरांत पनवेल जाती असा मेळ शहाणपणाचा ठरेल.

कापणीनंतर जमीन उघडी टाकूं नये. शेताच्या एका कोपऱ्यांत तळें खणून पावसाचें गोडें पाणी सांठवावें, वाफ्यांवर भाताचा पेंढा पसरावा. पेंढ्यानें ओल राहते व मीठ वर येण्यास अडथळा होतो. एवढ्यावर कलिंगड, वाल व कांहीं भाजीपाला निघतो, आणि पनवेल, उलवें व खारघर येथील नवीं बिऱ्हाडें हेंच त्याचें गिऱ्हाईक. पन्नास वर्षांपूर्वीं ही बाजारपेठ या शेतकऱ्याच्या दारांत नव्हती. तळ्यांत जिताडा सोडण्याची चाल पेण-अलिबागकडे जुनीच आहे. ताज्या जिताड्याचा भाव भातास कधीं येणार नाहीं. केरळांत पोक्काळी शेतांत पावसाळ्यांत भात व पुढें कोळंबी अशी फेर करतात. आपल्याकडे तशी फेर करावयाची तर खारें पाणी उन्हाळ्यांत मुद्दाम आंत घ्यावें लागेल, आणि तें शेजाऱ्याच्या संमतीशिवाय होणें नाहीं. ज्या जमिनींत तिवर पक्का बसला आहे तेथें भाताची आशा सोडून कांदळवन प्रतिष्ठानाच्या सहाय्यानें खेकडे व पिंजऱ्यांतील जिताडा पाळण्याचा मार्ग कांहीं गांवांनीं धरला आहे. तो उत्पन्नाचा आहे, पण भांडवल व नित्य देखरेख मागतो.

भूखंडाच्या पैशाविषयीं एक शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. ज्यांनीं साडेबारा टक्क्यांचा भूखंड कागदावरच विकला, त्यांच्या दारांत कांहीं वर्षें नवी गाडी दिसली; ज्यांनीं तो राखला, त्यांच्या नातवांस आज भाडें मिळतें. नव्या क्षेत्रांत ज्यांच्या जमिनी यावयाच्या आहेत त्यांनीं पलीकडच्या गांवांत जाऊन दोन्ही प्रकारचीं घरें समक्ष पाहावीं.

बांधाचें काम जमिनीच्या भवितव्याचा निकाल लागेपर्यंत थांबूं शकत नाहीं. प्रत्येक खारीच्या खातेदारांनीं, विकलेल्या गटांच्या नव्या मालकांससुद्धां पत्र पाठवून, फाल्गुनांत एकत्र बसावें. दर एकरीं ठराविक वर्गणी धरावी आणि एक राखणदार नेमावा. चैत्रांत बाहेरकाठ्यावरून चालत जाऊन बिळें व पाझर यांवर खुंट्या ठोकाव्या, उघाड्यांचीं दारें काढून पाहावीं, आणि मोठ्या कामाची यादी ग्रामसभेच्या ठरावासह खारभूमि कार्यालयांत त्याच महिन्यांत द्यावी. बांधाची माती वैशाखांतच पडली पाहिजे, म्हणजे ज्येष्ठाच्या पहिल्या उधाणापूर्वीं तिला बसावयास वेळ मिळतो. बियाण्याची मागणी संशोधन केंद्राकडे त्याच सुमारास नोंदवावी. पाऊस पडल्यावर गेलेल्यास बहुधा रिकाम्या हातानें परतावें लागतें.