खंडित व्यायाम आणि शरीराची पुनर्घडण

तालीम सोडलेल्या मल्लाचे अंग सुटते, हे कोल्हापुरात अनेकांनी पाहिले असेल. पिळदार शरीराची चरबी झाली, असे लोक म्हणतात. ही समजूत खरी नाही. स्नायू आणि मेद हे दोन भिन्न ऊतक असून एकाचे रूपांतर दुसऱ्यात होत नाही. जोर-बैठका थांबल्या म्हणजे स्नायू क्षीण होतो. खुराक मात्र पूर्वीइतकाच राहिल्यामुळे उरलेल्या अन्नाचा मेद साठतो. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात, एवढेच.

व्यायामात खंड पडण्याची कारणे अनेक असतात. लखनौच्या उत्तरेस बख्शी का तालाब येथे वायुदलाचा तळ आहे. अशा तळावरील जवान दीर्घ रजेवर गेला की त्याची नित्याची कवायत थांबते. कधी कारण दुखापतीचे असते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२५ मध्ये मोनाको येथील शर्यतीत ते पडले व त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. अशा शस्त्रक्रियेनंतर मांडीचे स्नायू त्वरेने क्षीण होतात. जवान असो, मल्ल असो वा धावपटू, प्रश्न एकच उरतो : गेलेले बळ परत मिळविताना साठलेला मेदही घटविता येईल काय?

स्नायूंची स्मृती

स्नायूतंतूच्या प्रत्येक पेशीत अनेक केंद्रके असतात. व्यायामाने तंतू वाढतो तेव्हा त्यात नवी केंद्रके येऊन मिळतात. नॉर्वेतील ऑस्लो येथे उंदरांवर केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, स्नायू क्षीण झाल्यावरही ही केंद्रके तीन महिने टिकून राहिली. माणसांत ती किती काळ टिकतात, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तथापि इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली आठ पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सात आठवडे व्यायाम, सात आठवडे विश्रांती आणि पुन्हा सात आठवडे व्यायाम केला होता. दुसऱ्या खेपेस त्यांचे स्नायू पहिल्यापेक्षा अधिक पुष्ट झाले. खंडानंतर परतणारा मनुष्य नवशिक्या नसतो, असा याचा अर्थ होय.

इंधन आणि विटा

कमी खाऊन स्नायू कसा वाढेल, ही शंका रास्त आहे. घर बांधावयाचे तर विटा लागतात आणि भट्टीस इंधन लागते. शरीराचे इंधन मेदाच्या वखारीत साठलेले असते. विटा म्हणजे प्रथिने मात्र रोज आहारातूनच यावी लागतात. बांधकामाचा हुकूम देतो तो व्यायामाचा भार. हुकूम नसेल, किंवा विटा नसतील, तर उपाशी शरीर मेदाबरोबर स्नायूही खर्ची घालते. निव्वळ उपवासाने कृश झालेला मनुष्य दुर्बळ दिसतो, तो याचमुळे.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ४० वजनदार तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी उष्मांक देऊन कठोर व्यायाम करविण्यात आला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शरीराच्या दर किलोमागे रोज २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांचा मेद सरासरी ४.८ किलो घटला आणि मेदविरहित वजन १.२ किलो वाढले. १.२ ग्रॅम घेणाऱ्यांचा मेद ३.५ किलो घटला. परंतु मेदविरहित वजन जवळजवळ तेवढेच राहिले.

आचरण

सामान्य माणसास इतकी कठोरता नको. एक किलो मेदऊतकात सुमारे ७,७०० उष्मांक असतात. रोज ५०० उष्मांक कमी घेतल्यास तेवढा मेद घटावयास सुमारे १५ दिवस लागतात. भारतीय प्रौढास दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. स्नायू वाढविणाऱ्याने सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत जावे. साठ किलोच्या मनुष्यास ही मात्रा ९६ ग्रॅम होते. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२, एका अंड्यात ६ व लिटरभर गाईच्या दुधात ३२ ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

आरंभ पूर्वीच्या निम्म्या भाराने करावा. कारण स्नायू लवकर सावरतो, पण त्यास हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात. शस्त्रक्रिया झालेल्याने वैद्यांच्या अनुज्ञेनेच भार वाढवावा.

वजनाच्या काट्यावर सर्वस्वी विसंबू नये. वर सांगितलेल्या तरुणांचा मेद जवळजवळ पाच किलो घटला, तरी काट्यावर साडेतीन किलोच उतरले असते. कमरेचे माप व उचलता येणारा भार यांची आठवड्यातून एकदा नोंद ठेवावी. कंबर घटत असेल आणि भार वाढत असेल, तर काटा स्थिर राहिला तरी शरीराची पुनर्घडण चालू आहे असे समजावे.