तत्काळ तिकिटाला आधार कशासाठी?

प्रश्न : आयआरसीटीसीवरचे माझे खाते जुने आहे, पासवर्डही बरोबर आहे. तरी शेगाव ते मुंबई तत्काळ तिकीट काढताना आधार पडताळणी मागतात. हे नियम सारखे का बदलतात?
– एक वाचक, शेगाव (जि. बुलढाणा)

उत्तर : हा नियम दलालांमुळे आला. तत्काळ आरक्षण सकाळी 10 वाजता वातानुकूलित आणि 11 वाजता इतर डब्यांसाठी खुले होते. रेल्वेच्या म्हणण्यानुसार पहिल्या पाच मिनिटांतली निम्म्यापर्यंत वर्दळ 'बॉट' म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅमची असे. तात्पुरत्या ईमेलवर खाती उघडली जात आणि सामान्य प्रवाशाचे पान उघडेपर्यंत जागा संपत. रेल्वेने अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद केली. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार-पडताळणी झालेल्या खात्यांनाच मिळते. 15 जुलैपासून ओटीपीही लागतो.

 

नियम योग्यच आहे, पण त्याचा जाच सिम बदललेल्यांना होतो. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. तो नंबर बंद असेल, तर आधी आधार केंद्रात नवा नोंदवा. मग आयआरसीटीसीच्या 'माय अकाउंट'मध्ये 'ऑथेंटिकेट युजर' निवडून पडताळणी करा. हे काम प्रवासाच्या घाईवर ढकलू नका.