गाडीच्या सीटवरचे डाग : शिकू या आणि कमवू या



मागच्या काही बैठकांत एक विषय सारखा निघतोय. शेळी, शिलाई, पापड-मसाले याच्या पलीकडे कमी भांडवलात गटाला काय करता येईल? या अंकात आपण असंच एक काम शिकणार आहोत : गाडीच्या कापडी सीटवरचे डाग काढणं.

आपल्या जिल्ह्यात या कामाला गिऱ्हाईक आहे. शिर्डीला रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीला मोठे उत्सव होतात. 1 ऑक्टोबर 2017 ला काकडीचा विमानतळ सुरू झाला, तिथूनही भाविक भाड्याच्या गाड्यांनी येतात. शनिवारी आणि शनी अमावस्येला शनिशिंगणापूरला रांग असते. नवरात्रात पाथर्डीकडे मोहटादेवीला, पावसाळ्यात भंडारदऱ्याला गाड्या धावतात. या गाड्यांत तेल सांडतं, कुंकू-उदी पडते, घाटात लेकरं उलटी करतात. दुसऱ्या दिवशी तीच गाडी नव्या भाड्याला न्यायची असते. डाग किंवा वास राहिला तर प्रवासी कुरकुर करतो आणि ड्रायव्हरचं भाडं तुटतं. हे काम नीट करणारी माणसं त्याला हवीच आहेत.

आधी समजून घ्या : सीट म्हणजे साडी नाही

डाग काढणं आपल्याला नवं नाही. पण साडी बादलीत बुडवता येते, पिळता येते, दोरीवर टाकता येते. सीट तशी नाही. वर कापड, खाली जाड फोम. पाणी जास्त ओतलं की ते फोममध्ये मुरतं. मग दोन गोष्टी होतात. एक, सुकताना तेच पाणी आतली घाण घेऊन वर येतं आणि गेलेला डाग दुसऱ्या दिवशी परत दिसतो. दोन, फोम आतून ओला राहून कुबट वास सुटतो, बुरशी धरते. म्हणून या कामात पाणी कमी आणि टिपणं जास्त.

सीट कापडी आहे की रेक्झिनची, तेही पाहा. रेक्झिन साबणाच्या ओल्या फडक्याने पुसलं तरी भागतं. आपला धडा कापडी सीटचा आहे.

साहित्य

पांढरी सुती फडकी (जुनं धोतर चालेल, रंगीत नको, त्याचा रंग सीटला लागतो), मऊ ब्रश, बोथट चमचा, दोन मग, फवारणीची बाटली, भांडी घासायचा लिक्विड साबण, पांढरा व्हिनेगर, खाण्याचा सोडा, कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर, मेडिकलमधलं स्पिरिट, रबरी हातमोजे. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. पहिल्या दोन-चार गाड्या ब्रशवरही होतात.

पाच नियम

1. आधी कोरडं काम. सीट झाडा, फटीतला कचरा काढा. धुळीवर पाणी पडलं की चिखल होतो.
2. कोणतंही औषध आधी सीटच्या खाली, न दिसणाऱ्या जागी लावून दहा मिनिटं थांबा. पांढऱ्या फडक्याला सीटचा रंग लागला तर ते वापरू नका.
3. डाग घासायचा नाही, टिपायचा. कडेकडून मध्याकडे या. मधून बाहेर गेलात तर डाग पसरतो.
4. साबण लावला तर तो साध्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा टिपून काढा. राहिलेल्या साबणावर धूळ लवकर बसते.
5. शेवटी शिवणीपासून शिवणीपर्यंतचा पूर्ण भाग ओल्या फडक्याने सारखा पुसून घ्या. नुसता डागापुरता पुसला तर सुकल्यावर गोल कड उमटते.

कोणता डाग, कोणता उपाय

*तेल (शनीचं तेल, वडापाव, भेळ) :* पाणी लावू नका. कॉर्नफ्लोअर किंवा पावडर जाडसर पसरून अर्धा तास ठेवा, ती तेल ओढून घेते. झाडून काढा, गरज वाटली तर पुन्हा टाका. मग मगभर कोमट पाण्यात चमचाभर लिक्विड साबण फेसाळून फक्त फेस डागावर लावा, ब्रशने हलकेच फिरवा, टिपा.

*उदी आणि कुंकू :* ओल्या हाताने पुसायचा मोह आवरा. ओलं झालं की ते धाग्यात बसतं. कोरडंच झाडा किंवा व्हॅक्यूमने ओढा. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात कृत्रिम रंग असतो. राहिलेल्या लालीवर फडक्याला थोडं स्पिरिट लावून टिपा, दरवेळी फडक्याची कोरी बाजू घ्या.

*हळद, भाजीचा रस्सा :* हळदीला साबण किंवा सोडा लागला की डाग लाल होतो, हे आपण कपडे धुताना पाहिलंय. हळद आणि चुना मिळून पारंपरिक कुंकू होतं, ते याच कारणाने. लाल झाला तर घाबरू नका, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपा, पुन्हा पिवळा होईल. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून स्पिरिटने टिपा. रस्सा असेल तर आधी पावडरने तेल ओढून घ्या. उरलेला पिवळेपणा उन्हाने उडतो. गाडीचं दार उघडं ठेवून सीटवर थेट ऊन येऊ द्या.

*चहा :* दोन कप साध्या पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर आणि एक चमचा लिक्विड साबण. लावा, पाच मिनिटं थांबा, टिपा.

*उलटी, सांडलेलं दूध :* हातमोजे घाला. चमच्याने उचलून घ्या. खाण्याचा सोडा टाकून वीस मिनिटं ठेवा, झाडा, मग गार पाण्यात साबण करून टिपा. गरम पाणी नको, दुधातली प्रथिनं त्याने घट्ट बसतात. सुकल्यावरही वास आला तर रात्रभर पुन्हा कोरडा सोडा टाका, सकाळी झाडा.

*रक्त :* फक्त गार पाणी आणि साबण.

*काळ्या मातीचा चिखल :* पूर्ण वाळू द्या. वाळला की ब्रशने निम्म्याहून जास्त निघतो. ओला असताना हात लावला तर काम वाढतं.

*च्युइंगम, मेण :* पिशवीत बर्फ घालून त्यावर ठेवा. कडक झालं की बोथट चमच्याने उचला.

*पान, गुटखा :* हा हट्टी डाग. कात आणि चुना दोन्ही धाग्यात जातात. व्हिनेगर-साबणाचं पाणी लावून टिपत राहा. जुना असेल तर फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

सुकवणं

चारही दारं उघडी ठेवा, ऊन किंवा पंखा द्या. पावसाळ्यात संध्याकाळी काम घेऊ नका. कोरडं फडकं सीटवर तळहाताने जोरात दाबून पाहा. ओल लागली तर गाडी बंद करून परत देऊ नका.

हे कधीच करू नका

ब्लीचिंग आणि व्हिनेगर, किंवा ब्लीचिंग आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो फुफ्फुसाला घातक आहे. बंद गाडीत तर फारच. सीटवर ब्लीचिंगची गरजच नाही. स्पिरिट पेट घेतं, ते वापरताना दारं उघडी ठेवा, जवळ उदबत्ती, विडी, चूल नको.

सीटबेल्टला सौम्य साबणाशिवाय काही लावू नका. ब्लीचने पट्टा कमकुवत होतो आणि अपघातात तोच जीव वाचवणार असतो. सीटच्या बाजूला 'एअरबॅग' लिहिलेली पट्टी दिसली तर तिथे पाणी घालू नका. सीटखालच्या वायरी भिजू देऊ नका.

दर कसा ठरवायचा?

आपल्या बायका इथेच चुकतात. साहित्याचे पैसे धरतात, स्वतःची मजुरी धरत नाहीत. एक नमुना हिशोब पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचा दर घालून पुन्हा मांडा.

- मजुरी : दोघी, प्रत्येकी 3 तास, ताशी 60 रुपये = 360
- साबण, सोडा, व्हिनेगर वगैरे = 60
- जाणं-येणं = 50
- यंत्राची झीज : 6,000 रुपयांचं व्हॅक्यूम 200 गाड्या चाललं असं धरलं, तर गाडीमागे = 30
- एकूण खर्च = 500
- गटाचा नफा = 100
- गिऱ्हाईकाला सांगायचा दर = 600

400 रुपयांत काम घेतलंत तर 100 रुपये तुमच्या मजुरीतूनच गेले. शेजारी स्वस्तात करतो म्हणून दर पाडण्याआधी हा हिशोब वहीत मांडा. यंत्रासाठी गटाचं अंतर्गत कर्ज घेणार असाल, तर हप्ताही यात धरा.

आणखी एक. काम घेताना गाडीमालकासमोर प्रत्येक डाग पाहा, मोबाईलवर फोटो काढा आणि कोणता जाईल, कोणता फिका होईल, हे आधीच सांगा. "शंभर टक्के जाईल" असं बोलू नका. सीटखाली सुटे पैसे, दागिना, कागद सापडला तर मालकाच्या हातात द्या आणि वहीत नोंद करा. ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगतात. त्यांचा विश्वास बसला की स्टँडवर फिरून काम मागावं लागत नाही.

पुढच्या बैठकीसाठी

1. जुन्या उशीच्या कापडाखाली फोमचा तुकडा ठेवून त्यावर तेल, हळद आणि चहाचे डाग पाडा. प्रत्येकीने एक डाग काढावा.
2. एका तुकड्यावर मुद्दाम जास्त पाणी ओता. दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहा.
3. आपल्या गावात, जवळच्या स्टँडवर भाड्याच्या गाड्या किती, त्या कोणत्या वारी रिकाम्या असतात, हे दोघींनी विचारून यावं.
4. वरचा हिशोब आपल्या दराने मांडून सगळ्यांसमोर वाचावा.

ही माहिती मिळाली की काम सुरू करायचं की नाही, ते गटानेच ठरवावं.