फायनल, फायनल-२ आणि एकदम फायनल

चार जणांचा प्रोजेक्ट ग्रुप झाला की आपल्याला वाटतं, आता प्रत्येकाला पाव कामच करायचंय. गणित तसं नाही. चौघांत आपापसात बोलण्याच्या जोड्या होतात ६, पाचवा आला की १०, आठ जण असले तर २८. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, असं फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये लिहिलं ते याचमुळे. (मेस कमिटीलाही हे लागू पडतं, पण तो विषय वेगळा!)

आमच्या विंगमध्ये दरवर्षी तेच. फाइल व्हॉट्सॲपवर फिरते. एकाच्या कॉपीत तिसरा चॅप्टर सुधारलेला, दुसऱ्याच्या कॉपीत आकृत्या, आणि दोन्ही एकत्र कुठेच नाही. रात्री दोन वाजता भांडण ठरलेलं.

लिनक्सवाल्यांचा प्रश्न याहून कितीतरी मोठा होता, कारण जगभरचे लोक एकाच कोडवर काम करत होते. २००२ पासून ते 'बिटकीपर' वापरत. २००५ मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा लिनस टॉरवल्ड्स यांनी एप्रिलमध्ये स्वतःच 'गिट' लिहायला घेतलं आणि काही दिवसांत गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला.

गिटमध्ये प्रत्येकाकडे प्रोजेक्टचा पूर्ण इतिहास असतो. प्रत्येक 'कमिट'वर कोणी, कधी आणि (लिहिलं असेल तर) का बदल केला याची नोंद राहते. दोघांनी वेगवेगळ्या फाइल बदलल्या तर तो त्या गुपचूप जोडतो. एकाच ओळीला दोघांनी हात लावला की मात्र थांबतो आणि विचारतो, कोणाचं ठेवू? मला यातलं हे थांबणंच सगळ्यात आवडतं. भांडण सबमिशनच्या रात्री होण्याऐवजी त्याच दिवशी, एका ओळीपुरतं होतं.

मेकॅनिकलच्या दोस्तांनो, कॅडच्या फाइल गिटला अशा जोडता येत नाहीत. तिथे 'आज ड्रॉइंग माझ्याकडे आहे' हे ग्रुपवर सांगणंच बरं. रिपोर्टसाठी गूगल डॉक्स पुरतं, त्यातही जुन्या आवृत्त्या सापडतात.

आता नाजूक मुद्दा. दोघं राबतात, चौघांना सारखे मार्क पडतात, आणि व्हायवात जो फाडफाड बोलतो तो भाव खाऊन जातो. कमिटची यादी इथे पुरावा ठरू शकते. पण सर आणि मॅडमना विनंती, कमिट नुसते मोजू नका. दोन रात्री जागून बग शोधणारा शेवटी एकच ओळ बदलतो. रिकाम्या जागा नीट करणारा वीस कमिट टाकतो. संदेश वाचा. आणि आपणही 'चेंजेस केले' असं न लिहिता 'सेन्सरचं रीडिंग उणे येत होतं, चिन्ह बदललं' असं लिहूया. तीन महिन्यांनी ते आपल्यालाच वाचायचं असतं, तेही बहुधा व्हायवाच्या सकाळी, चहा घेता घेता.