मापाचा सूट

वणी, जि. नाशिक



लग्नासाठी सूट घ्यायचा ठरला की वणीच्या नवरदेवापुढे तीन वाटा असतात. नाशिकच्या शोरूममध्ये तयार सूट घालून पाहायचा, तिथेच कापड निवडून दुकानाच्या कारखान्यात शिवायला टाकायचे, किंवा नाशिकच्या मेन रोडवरून सूट लेंथ आणून गावातल्या मास्टरकडे द्यायची. तिन्ही वाटांनी चांगला सूट मिळतो आणि तिन्ही वाटांनी फसगतही होते. किंमत किंवा कंपनीचे नाव यावर निकाल लागत नाही. कोट अंगावर कसा बसला यावर लागतो, आणि कोट बसतो तो ट्रायलला. म्हणून पैशाच्या आधी वेळ राखून ठेवावा.

तयार सूट एका ठरावीक अंगाचा कापलेला असतो. छाती ४० असेल तर कंबर ३४, असा सहा इंचांचा फरक बहुतेक कंपन्या धरतात. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरात असे अंग क्वचित सापडते. खरड छाटणी आणि गोडी छाटणीला मांडवाखाली हात वर करून राबणाऱ्या तरुणाचे दंड आणि पाठ भरलेली असते, कंबर मात्र ३० वर असते. कात्रीच्या हाताचा खांदा अनेकदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली उतरलेला असतो. अशा अंगावर तयार कोट छातीला बसला तर कमरेला झुलतो आणि कमरेला बसला तर पाठीत ताणतो. ज्याचे अंग ठरावीक मापाच्या जवळ आहे त्याने तयार सूट जरूर घ्यावा, बाही आणि कंबर तेवढी ऑल्टर करून घ्यावी. इतरांनी शिवूनच घ्यावा.

शिवून घेतानाही एक गोष्ट आधी विचारावी: माप घेणारा आणि कापड कापणारा माणूस एकच आहे का? मोठ्या दुकानात माप काउंटरवर घेतले जाते आणि कापड कारखान्यात कापले जाते. कापणाऱ्याला फक्त आकडे दिसतात, माणूस दिसत नाही. छाती, कंबर, बाही हे आकड्यात येते. वाकलेली मान किंवा उतरलेला खांदा आकड्यात येत नाही. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागदी नमुना स्वतंत्र काढून जपून ठेवतात, ते याच कारणासाठी. गावच्या शिंप्याकडे ही सोय आपोआप होते, कारण टेप धरणारा आणि कात्री चालवणारा हात एकच असतो. पण शर्ट-पँट उत्तम शिवणारा प्रत्येक मास्टर कोट शिवतोच असे नाही. कोटाचे काम वेगळे आहे आणि ते करणारे कारागीर थोडे आहेत. मास्टरने शिवलेला एखादा कोट कोणाच्या तरी अंगावर पाहावा, मगच कापड द्यावे.

सूट म्हणजे साहेबी थाट, एका दिवसाची हौस, असे म्हणून या कामात हयगय होते. नाशिक जिल्ह्यात तरी असे म्हणू नये. १९३० साली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथेच सुरू झाला आणि १९३५ साली येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या दलित समाजाने कोणती वस्त्रे घालावीत हेदेखील इतर ठरवत होते, त्या समाजाचा हा नेता कोट-टायमध्ये उभा राहिला, आणि गावोगावच्या पुतळ्यांत तो तसाच उभा आहे. नीट बसलेला सूट माणसाला ताठ उभे करतो. तो ढगळ शिवून घेणे हे त्या कपड्याला शोभत नाही.

माप देताना ज्या शर्टावर कोट घालायचा तो शर्ट आणि जे बूट घालायचे ते बूट अंगावर असावेत. नेहमी उभे राहतो तसे उभे राहावे. छाती फुगवून, पोट आत ओढून दिलेल्या मापाचा कोट लग्नात पहिल्या तासातच काचू लागतो.

ट्रायल हा सगळ्या कामाचा गाभा आहे. कच्च्या ट्रायलला कोट पांढऱ्या कच्च्या टाक्यांनी जोडलेला असतो. अस्तर लागलेले नसते, काजे पाडलेली नसतात, कधी एकच बाही असते. याच अवस्थेत काहीही उसवता येते, म्हणून इथे भीड बाळगू नये. आधी खांदा पाहावा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. ती पुढे गेली तर बाहीच्या माथ्यावर खळगा पडतो, आत राहिली तर दंडाचा फुगवटा बाहेर दिसतो. पूर्ण झालेल्या कोटाचा खांदा बदलणे म्हणजे कोट पुन्हा शिवणे. चांगला मास्टर ते काम घेतही नाही. मग मान. कॉलर शर्टाच्या कॉलरला मागून चिकटून राहावी. मध्ये फट दिसली किंवा कॉलरखाली आडवी वळी पडली तर मास्टरने तिथे खडूची खूण करून टाचणी लावलीच पाहिजे. ‘इस्त्रीत बसेल’ हे उत्तर ऐकून घेऊ नये, ती वळी इस्त्रीत बसत नाही. नंतर वरच्या बटणाच्या जागी टाचणी लावून कोट बंद करावा. तिथून चारी बाजूंना फुलीसारख्या चुण्या ताणल्या तर कंबर घट्ट आहे.

मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाकडे, फार थोड्यांचे लक्ष जाते. मुंढा खाली कापला की कोट घालताना सैल आणि सोयीचा वाटतो, पण हात उचलला की सगळा कोट वर येतो. काखेजवळ बसणारा मुंढा पहिल्यांदा अडचणीचा वाटला तरी हात मोकळा तोच ठेवतो. नवरदेवाला हार घालायचा असतो, वडीलधाऱ्यांच्या पायाशी वाकायचे असते, फोटोसाठी मित्रांच्या खांद्यावर हात टाकायचे असतात. हे सगळे ट्रायल रूममध्येच करून पाहावे. बाहीखालून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा आणि कोटाने बैठक पूर्ण झाकावी. पँटचे काम सोपे आहे: बसून पाहावे, बैठकीत ताण नसावा आणि तळाशी बुटावर एकच हलकी घडी पडावी.

कोटाच्या पुढच्या भागाच्या आत काय आहे हेही विचारावे. स्वस्त कामात कापडाच्या मागे फ्युजिंग गरम इस्त्रीने चिकटवतात. ते हलके असले किंवा नीट दाबले गेले नसले तर काही ड्रायक्लीननंतर छातीवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात. जुन्या पद्धतीत कॅनव्हास टाक्यांनी बसवतात. त्याला वेळ आणि शिलाई दोन्ही जास्त लागतात, पण छाती अंगाप्रमाणे वळते. छातीपुरता कॅनव्हास आणि खाली फ्युजिंग, हा मधला मार्ग बहुतेकांना परवडतो.

कापडाच्या बाबतीत महाराष्ट्राला लांब जावे लागत नाही. रेमंडची लोकरी गिरणी १९२५ साली ठाण्यालाच सुरू झाली. दुकानदार ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे सांगतो, ते लोकरीचा तंतू किती बारीक याचे आहेत, टिकाऊपणाचे नाहीत. सुपर १०० चा तंतू १८.७५ मायक्रॉनपर्यंत जाड असतो, सुपर १५० चा १६.२५ पर्यंत. आकडा वाढला की कापड मऊ होते, पण लवकर झिजते आणि चुरगळते. वर्षातून चार लग्नांना घालायच्या सुटाला सुपर १०० पुरेसे आहे. त्याहून स्वस्तात टेरीवूल, म्हणजे लोकर-पॉलिस्टरचे मिश्र कापड, घ्यावे. नुसत्या पॉलिस्टर-व्हिस्कोसमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी घाम कोंडतो. डिसेंबरमध्ये वणीला रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा जाड कापड चालते. बाराही महिने वापरायचा असेल तर हलक्या विणीचे लोकरी कापड बरे. टू-पीसला मोठ्या पन्ह्याचे सव्वातीन मीटर कापड लागते. अंग मोठे असेल किंवा वेस्टकोट हवा असेल तर मास्टरला विचारूनच कापड फाडावे. रंग गडद निळा किंवा करडा निवडावा, चमकणारे कापड टाळावे. ते लग्नाच्या फोटोंपलीकडे कुठे घालता येत नाही.

वेळेचा हिशेब लग्नाच्या तारखेपासून मागे मोजावा. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि लग्नसराई एकदम येतात. तेव्हा मास्टरला उसंत नसते आणि नवरदेवालाही नाशिकचे हेलपाटे जमत नाहीत. दोन महिने आधी कापड द्यावे, कच्ची ट्रायल आणि पक्की ट्रायल अशा दोन खेपा ठरवून घ्याव्यात आणि सूट हळदीच्या आठ दिवस आधी घरात यावा. पँटच्या मागच्या शिवणीत आणि कोटाच्या बाजूंना दाब भरपूर ठेवायला सांगावे. लग्नानंतर अंग भरते, आणि आत कापड असेल तरच सूट सैल करता येतो. उरलेला तुकडा मास्टरकडून मागून घ्यावा, रफूला तोच उपयोगी पडतो.