वाजत राहिलेला टाळ

पोरी, परवा तू फोनवर म्हणालीस, "आत्या, मला टीम लीड केलंय. नऊ जण आहेत. काहीतरी सांग ना." मी कौतुक केलं आणि फोन ठेवला, कारण सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. पुण्यात एकतीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली एकोणीस माणसं सांभाळण्यात गेली. पण त्या एकोणीस वर्षांत मला तारून नेलं ते कॉम्प्युटरच्या बाहेरच्या गोष्टींनी. काही तुझ्या आजीच्या वॉर्डातल्या, काही तुझ्या बाबांच्या उसातल्या. सगळ्यात मोलाची गोष्ट तरडगावच्या पालखीतळावरची, म्हणून तिथूनच सुरू करते.

माउलींची पालखी लोणंदहून निघते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि संध्याकाळी तरडगावला तळ पडतो. तिथे समाज आरती असते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि तो सगळा गजर थांबतो. लहानपणी मी ती शांतता ऐकायला आजोबांच्या खांद्यावर बसायची.

पण कधी कधी एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहतात. मला वाटायचं, त्यांना चोप दिसला नसेल. आजोबांनी सांगितलं, त्या दिंडीची तक्रार आहे. चालताना क्रम मोडला असेल, मुक्कामाची जागा नीट मिळाली नसेल, काही असेल. तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. मग चोपदार स्वतः त्या आवाजाच्या दिशेने चालत जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात आणि मार्ग काढतात. त्यानंतर ते टाळ थांबतात. हरवलं-सापडलं सांगितलं जातं, उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगितलं जातं आणि आरती होते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. मी मॅनेजमेंटचे पुष्कळ वर्ग केले, पण दिवसाअखेरची याहून शहाणी बैठक कुठे पाहिली नाही.

यात काय काय आहे ते नीट बघ. तक्रार करणाऱ्याला उठून कुणाच्या दारात जावं लागत नाही, अधिकार असलेला माणूस त्याच्याकडे जातो. एकट्या वारकऱ्याला हात वर करून उभं राहावं लागत नाही, सगळी दिंडी त्याच्यासाठी टाळ वाजवते. तक्रारीचा निकाल त्याच दिवशी लागतो, आरतीच्या आधी. आणि एक टाळ ऐकू यायचा तर बाकी सगळं आधी शांत व्हावं लागतं. तू जर मीटिंगमध्ये सतत बोलत राहिलीस तर तुला कुठलाच टाळ ऐकू येणार नाही. रोजच्या मीटिंगची शेवटची पाच मिनिटं तू तोंड उघडायचं नाही. पहिले काही दिवस सगळे अवघडून बसतील, बसू दे.

आपल्या क्षेत्रात एक अडचण आहे, ती आधीच सांगते. आपल्याकडे अडलेला माणूस आवाज वाढवत नाही, तो गप्प होतो. कोड रिव्ह्यूमध्ये भांडणारी मुलगी एक दिवस नुसतं "ठीक आहे" लिहून मोकळी होते. दर वेळी आधी येणारा मुलगा कॅमेरा बंद ठेवायला लागतो. हेच त्यांचे टाळ, पण ते मुके वाजतात. म्हणून आवाज करायची सोय तुला मुद्दाम करून द्यावी लागेल. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कामगाराच्या हाताशी दोरी असायची. काही चुकतंय असं वाटलं की तो ती ओढायचा, त्याचा प्रमुख धावत यायचा आणि वेळेत दुरुस्त झालं नाही तर लाइन थांबायची. मी माझ्या टीममध्ये एक लाल कार्ड ठेवलं होतं. कालच रुजू झालेल्या मुलानेही ते बोर्डावर लावलं की रिलीज थांबायचं आणि मी त्याच्या टेबलापाशी जायची. त्याला केबिनमध्ये बोलवायची नाही. दहातली सात कार्डं गैरसमजाची निघायची. त्या सात वेळाही मी आभार मानायची, कारण आठव्याने घाबरून कार्ड खिशात ठेवलं असतं तर ते मला परवडणारं नव्हतं.

हे शहाणपण मला फुकट आलं नाही. एका कंपनीत होते तेव्हाची गोष्ट, दिवाळीच्या आधीचा आठवडा. ग्राहकांच्या खात्यांची जुनी माहिती नव्या डेटाबेसमध्ये हलवायची होती. सहा महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, ही स्क्रिप्ट एकदा थोड्या डेटावर चालवून बघायची का?" मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "बघितलंय सगळं." तो "बरं मॅडम" म्हणून जागेवर गेला. रात्री स्क्रिप्ट चालवली आणि हजारो खात्यांच्या तारखा उलट्यापालट्या झाल्या. बॅकअपवरून सगळं परत बसवायला तीन रात्री लागल्या. त्या तीन रात्री तो मुलगा माझ्या शेजारी बसून होता आणि एकदाही म्हणाला नाही की मी विचारलं होतं. ते न म्हणणंच मला फार लागलं. त्याला दिसलं होतं. मला दिसू शकलं असतं, मी नजर वर केली असती तर.

पुढे मी विमान अपघातांबद्दल वाचायला लागले, ते त्या मुलामुळे. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर आदळली. ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली होती. तेवढ्यात त्यातल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का. कॅप्टन अतिशय अनुभवी होते, कंपनीत वैमानिकांना शिकवणारे. त्यांनी ठामपणे हटलंय म्हणून सांगितलं आणि विमान पुढे नेलं. प्रश्न बरोबर होता, पण दबकत विचारला होता. असे अपघात अभ्यासल्यावर विमान कंपन्यांनी कॅप्टनला ऐकायला आणि हाताखालच्यांना ठासून बोलायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं. १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने सुरुवात केली, पुढे ते जगभर पसरलं. तुझ्या टीमलाही हे दोन्ही बाजूंनी शिकव. नुसतं "निःसंकोच बोला" म्हटल्याने कुणी बोलत नाही. मी एक वाक्यच ठरवून दिलं होतं: "मला यात धोका दिसतोय, उत्तर मिळेपर्यंत मी थांबतो." हे वाक्य कुणी उच्चारलं की मी हातातलं काम बाजूला ठेवायची, मग दिल्लीतला ग्राहक फोनवर असला तरी.

डॉक्टरांनीही हाच धडा घेतला. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन, त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गावंडेंच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पानी यादी आणली, एकोणीस मुद्द्यांची. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रोग्याला थिएटरबाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबून ती वाचायची. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तर शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. यादी म्हटली की आपली मंडळी नाक मुरडतात, इतकं का आम्हाला कळत नाही म्हणतात. त्या सर्जनांनाही कळत होतंच. मला त्या यादीतला सगळ्यात आवडलेला मुद्दा अगदी साधा आहे: चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. एकदा तोंड उघडलं की दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं. रात्री दोनला सर्व्हर पडतो आणि कॉलवर चौदा जण जमतात, तेव्हा पहिलं मिनिट यालाच दे. घाईत हे मिनिट वाया गेल्यासारखं वाटेल, तरी दे.

आता तुझ्या आजीचं. ती जिल्ह्याच्या दवाखान्यात इनचार्ज सिस्टर होती, हे तुला माहीत आहे. तिच्याकडे पाळी बदलताना ओव्हर देणं म्हणजे टेबलाशी बसून वहीवर सही करणं नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टरने सकाळच्या सिस्टरला घेऊन प्रत्येक खाटेपाशी जायचं, दोघींनी मिळून सलाइनकडे बघायचं, ड्रेसिंग बघायचं, रोग्याला विचारायचं रात्र कशी गेली. आई म्हणायची, वहीत लिहिलेला पेशंट आणि खाटेवरचा पेशंट यात रात्रभरात फरक पडलेला असतो. आपल्याकडे ऑन-कॉल बदलताना लोक एक मेसेज टाकून झोपायला जातात. तुझ्या टीममध्ये दोघांना एकत्र डॅशबोर्ड उघडायला लाव, पंधरा मिनिटं. जे आकडे लाल नाहीत पण "जरा वेगळे वाटतात" ते अशाच वेळी बोलता बोलता निघतात.

आणि एक. इनचार्ज असूनही रोज एका रोग्याचं ड्रेसिंग ती स्वतः करायची, एकाचंच. सगळी इंजेक्शनं तिने दिली असती तर वॉर्डाकडे कोण बघणार होतं? तुझे हात कोडसाठी शिवशिवतील, मला ठाऊक आहे. छोटंसं, कुणाचं अडणार नाही असं काम घे आणि अवघड काम दुसऱ्याला दे, तुझ्याहून दुप्पट वेळ लागला तरी.

तुझ्या बाबांचा ऊस तू पाहिला आहेस. लावणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यांतून खोडवा येतो, मग निडवा. बियाणं नाही, नांगरट नाही, स्वस्तात पीक. पण दर वर्षी उतारा कमी होत जातो आणि शेवटी रान थकतं. मग बाबा बेवड बघतात. आधीच्या पिकाने रान कसं ठेवलं, याचा हिशेब म्हणजे बेवड. उसानंतर हरभरा घेतात, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. नाहीतर ताग पेरतात आणि फुलोऱ्यात आला की गाडून टाकतात. गाडलेला ताग बाजारात विकला जात नाही, पण त्या सालात जमीन रिकामी गेली असं शेतकरी म्हणत नाही.

आपण मात्र त्याच चार हुशार पोरांवर खोडवा, निडवा आणि त्यापुढचंही घेत राहतो. एका मरणाच्या डेडलाइनमधून निघालेल्या माणसाला लगेच दुसरीत घालतो, कारण त्याला ते जमतं. काम देताना माणसाला काय येतं हे बघच, पण त्याचा बेवड काय आहे तेही बघ. ज्याने आठ महिने जुनी बिलिंग सिस्टिम उपसली त्याला सहा आठवडे हरभरा दे: काहीतरी नवं, लहान, ज्यात तो शिकेल. आणि वर्षातून एकदा सगळ्या टीमला ताग पेरू दे. टेस्ट दुरुस्त करा, मेलेला कोड काढा, पुढच्याला कळेल असं लिहून ठेवा. वरचे विचारतील, यातून काय निघालं? त्या प्रश्नाला तोंड देणं हे तुझं काम आहे, टीमचं नाही. मी दोनदा त्या बैठकीतून हरून आले, तिसऱ्यांदा तीन आठवडे मिळवले.

एकेकट्याशी बोलताना "कसं चाललंय" विचारू नकोस, "बरं चाललंय" एवढंच मिळेल. "या आठवड्यात कुठलं काम करताना जीवावर आलं?" असं विचार. आणि उत्तर येईपर्यंत थांब.

शुक्रवारी तुझं पहिलं रिलीज आहे म्हणालीस. गुरुवारी दुपारी टीममध्ये सगळ्यात नवीन कोण आहे त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बस आणि त्याला काय खटकतंय ते विचार. आणि आषाढात दोन दिवस रजा काढून ठेव. तरडगावला संध्याकाळी लवकर पोचू, म्हणजे जवळ जागा मिळेल. चोप वर गेल्यावर तू पालखीकडे बघू नकोस, चोपदार कुठे वळतात ते बघ.