दारापुढील पायऱ्यांचा पाया

घर बांधताना भिंतींच्या पायाकडे सर्वांचे लक्ष असते; परंतु दारापुढील दगडी पायऱ्या काम संपत आले म्हणजे उरल्यासुरल्या दगडांतून घाईने बसविल्या जातात. या हयगयीचे फळ आम्ही स्वतः पाहिले आहे. आमच्या घराच्या पायऱ्यांचा दगड उत्तम काळा व घडाई सुबक होती. तरी दोन पावसाळ्यांत त्या जोत्यापासून चार बोटे सुटल्या, वरची पायरी दाराकडे कलली आणि तीवर पाणी साचू लागले. एके पहाटे आमच्याकडे आलेल्या एक वृद्ध मावशी तीवरून घसरल्या व त्यांचे मनगट मोडले. पायऱ्या उकलून पाहिल्या, तो खाली जोत्यासाठी खणलेली मोकळी मातीच परत लोटलेली आढळली. दोष दगडाचा नव्हता, दगडाखालचा होता.

नाशिकच्या आसपास पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भिंतीचा पाया खोल असल्याने टिकतो. पायऱ्या उथळ असल्याने मातीबरोबर वरखाली होतात. पांडवलेणी कोरणाऱ्यांस ही चिंता नव्हती, कारण त्यांच्या पायाखाली अखंड खडक होता. आपणांस मात्र घट्ट जमीन शोधावी लागते.

तर काम असे करावे. पायऱ्यांच्या जागेहून प्रत्येक बाजूस सहा इंच रुंद असा चर खणावा आणि काळी माती काढीत मुरूम लागेपर्यंत खाली जावे. माती फारच खोल असेल, तर निदान अडीच-तीन फूट काढून टाकावी व तेथे चांगला मुरूम भरावा. हा मुरूम एकदम लोटू नये. सहा-सहा इंचांचे थर घालून, पाणी शिंपडून, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. काढलेली काळी माती पुन्हा चरात घालू नये. मुरुमावर दगडांची सोलिंग रचून फटींत बारीक खडी ठोकावी, व तीवर चार ते सहा इंच काँक्रीट घालावे.

मग सर्वांत खालची पायरी प्रथम बसवावी. वरच्या दगडाची मागली-पुढली बैठक पक्की व्हावी म्हणून तो खालच्या दगडावर दीड-दोन इंच चढवावा. दगडाखाली सर्वत्र चुना किंवा सिमेंटचा माल भरावा. केवळ चार कोपऱ्यांस चिपा लावून पोकळी ठेवू नये. उंची सहा इंच व पाऊल ठेवावयाची रुंदी बारा इंच असावी, आणि सर्व पायऱ्या सारख्या असाव्यात. कारण अंधारात पाय डोळ्यांनी नव्हे, सवयीने चालतो. प्रत्येक पायरीस पुढे फुटामागे पाव इंच उतार द्यावा, म्हणजे पाणी दाराकडे न येता अंगणात जाईल. छपराच्या पागोळ्या पायऱ्यांच्या मुळाशी पडत असतील, तर तेथे पन्हळ लावून पाणी दूर न्यावे. निदान सात दिवस काम ओले ठेवावे.

हे सर्व पावसाळ्यापूर्वी उरकावे. गवंडी म्हणेल, पायऱ्यांना एवढा खोल पाया कशाला? त्यास नम्रपणे सांगावे की, दगड तर येणारे-जाणारे पाहतील; पण म्हाताऱ्या माणसाचा पाय जो सांभाळणार, तो दगडाखालचा मुरूम. चर बुजविण्यापूर्वी आपण स्वतः त्यात उतरून पहार मारून पाहावी. ती सहज रुतली, तर आणखी खणावे.